टळलेल्या अपघाताची नोंद : प्रस्तावना

१२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यातल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. पानशेत म्हटलं की पूर आठवतो : कुठल्या पेठेत पाणी किती चढलं, कुठले पूल बुडाले, कुणाचा वाडा बसला. त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत वेल्हे तालुक्यात, आंबी नदीच्या काठी, धरणावर काय घडत होतं याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. या पुस्तिकेचा विषय त्या आधीच्या दिवसांमध्ये आहे. म्हणून प्रस्तावनेची सुरुवात तिथूनच करतो.

पानशेत हे मातीचं धरण, तेव्हाची उंची सुमारे ५१ मीटर. काम १९५७ मध्ये सुरू झालं आणि १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदा पाणी अडलं. तेव्हा पाणी सोडण्याच्या मोरीचं काम पूर्ण झालेलं नव्हतं. दरवाजे उचलण्याची यंत्रणा बसलेली नव्हती. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पावसाने जोर धरला आणि जलाशयाची पातळी सुरुवातीला दिवसाला नऊ मीटरच्या वेगाने चढू लागली. नव्या भरावाला हा भार हळूहळू पेलायची सवड मिळालीच नाही. मोरीचा आतला पृष्ठभाग खडबडीत राहिला होता. त्यामुळे पाणी संथ वाहण्याऐवजी हिसके देत वाहत होतं आणि त्या हिसक्यांचा दाब मोरीवर व भोवतालच्या मातीवर पडत होता. पुढे मोरीच्या वरच्या अंगाला भरावात आडव्या भेगा पडल्या आणि तेवढा पट्टा खाली बसू लागला. अडीच तासांत तो सुमारे १.४ मीटर खचला. धरणाचा माथा पाण्याच्या पातळीपेक्षा जेमतेम ०.६ मीटर वर उरला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान पावसात उभे राहून खचलेल्या जागी वाळूची पोती रचत होते. सकाळी धरण फुटलं. आंबीचं पाणी खडकवासल्यात घुसलं आणि १८७९ साली पूर्ण झालेलं ते दगडी धरण त्याच दिवशी दुपारी गेलं.

पुढे न्यायमूर्ती नाईक आयोगाने चौकशी केली. धरण कशाने फुटलं यावर अभियंत्यांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि तो वाद इथे पुन्हा उकरायचा नाही. या पुस्तिकेच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे. धरण फुटलं ती वेळ घड्याळात सांगता येते, पण फुटण्याची क्रिया कित्येक दिवस चालू होती. दरवाजे वेळेवर उचलता येणार नाहीत ही एक सूचना होती. मोरीतून पाणी हिसके देत वाहतंय ही दुसरी. भेग पडली ही तिसरी. यातल्या कुठल्याही घटनेत त्या क्षणी कुणाला इजा झाली नाही. इजा झाली नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं समजून पुढे जाण्याची सवय आपल्याला सगळ्यांना आहे. ती मोडावी यासाठी ही पुस्तिका आहे.

कारखान्यांत या प्रकाराला ‘नियर मिस’ म्हणतात. शिरवळ किंवा खेड-शिवापूरला कामाला जाणाऱ्या भोरच्या पोरांना हा शब्द ओळखीचा आहे. गेटवरच्या फलकावर तो असतो, ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या शपथेनंतरच्या भाषणात तो येतो. सोपी व्याख्या अशी : ज्या घटनेत माणूस जायबंदी होऊ शकला असता, यंत्र मोडू शकलं असतं किंवा आग लागू शकली असती, पण या खेपेला तसं झालं नाही, ती घटना. क्रेनचा हूक निसटला आणि लोखंडी प्लेट रिकाम्या जागेवर आदळली. फोर्कलिफ्ट मागे येताना वळणावर माणूस होता, तो उडी मारून बाजूला झाला. टाकीत उतरणाऱ्याला दोन पायऱ्यांवरच गरगरलं आणि वरच्याने त्याला ओढून घेतलं. ‘वाचलो बुवा’ म्हणून चहाला जाण्याआधी या घटना कागदावर याव्यात, एवढंच या पुस्तिकेचं मागणं आहे.

हे मागणं कायद्याला अनोळखी नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ८८ प्रमाणे, अपघातात जखमी झालेला कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर त्याची खबर द्यावी लागे. १९७६ मध्ये कलम ८८-अ आलं. दाबाखालचं भांडं फुटणं, क्रेन कोसळणं, स्फोट होणं अशा धोकादायक घटना कुणालाही खरचटलं नसलं तरी कळवायच्या, असं त्यात होतं. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ च्या दुरुस्तीत आणखी एक पाऊल पडलं. कलम ४१-ह ने धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांतल्या कामगाराला, जिवाला धोका दिसत असेल तर तसं थेट मालकाला किंवा व्यवस्थापकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला सांगण्याचा हक्क दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा हक्क केवळ धोकादायक कारखान्यांपुरता राहिलेला नाही. आस्थापना कुठलीही असो, तिथला कर्मचारी आता असा इशारा देऊ शकतो. हा हक्क वापरायचा असतो हे किती जणांना माहीत आहे, हा खरा प्रश्न आहे.

धरणांच्या कायद्यात तर नियर मिसची व्याख्या स्वच्छ शब्दांत आलेली आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने ‘धरण फुटणं’ आणि ‘धरणावरील घटना’ अशा दोन वेगळ्या गोष्टी केल्या. दुसरीत काय काय येतं, ते पाहावं : धरणाच्या अंगातून किंवा पायातून नेहमीपेक्षा वेगळी गळती होणं, उपकरणांवर विचित्र आकडे दिसणं, दरवाजे नीट न चालणं, इतकंच नव्हे तर चालू असलेला पाझर एकाएकी थांबणंसुद्धा. पाझर थांबला तर आपल्याला बरं वाटेल. जाणकाराला मात्र शंका येते, की पाण्याने आतून दुसरी वाट तर काढली नाही ना. पानशेत आणि वरसगाव, गुंजवणी, भाटघर आणि नीरा देवघर एवढी मोठी धरणं ज्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत आहेत, तिथल्या माणसांनी हा कायदा स्वतःचा समजून वाचावा असा आहे. वेल्हे तालुका आता राजगड या नावाने ओळखला जातो. नाव बदललं तरी धरणांखालची गावं तीच आहेत.

केवळ खबर दिल्याने सगळं भागतं, असं मात्र मुळीच नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं वाहून गेली. धरण गळतंय, असं गावकरी आधीपासून सांगत होते. म्हणजे डोळे उघडे होते, तोंडही उघडलं होतं. तरी धरणाखालची वस्ती त्या रात्री घरातच होती. तिवऱ्याने शिकवलं ते असं : इशारा पोचला, पण तो ऐकून पाणी कमी करण्याचा किंवा वस्ती हलवण्याचा निर्णय जो घेऊ शकतो त्याने वेळेत घेतला नाही, तर इशाऱ्याचा उपयोग फक्त नंतरच्या चौकशीला होतो. या पुस्तिकेचं सगळं सार मी दोन वाक्यांत सांगेन. सांगणाऱ्याला अभय हवं. ऐकणाऱ्याला काम थांबवण्याचा अधिकार हवा. यातलं एक नसेल तर दुसरं वाया जातं.

आधी अभयाचं पाहू. माणसं का सांगत नाहीत? ज्यांच्यासाठी हे लिहिलंय त्यांना कारणं सांगायला नकोत, पण ती उघड बोलली जायला हवीत. कंत्राटी कामगाराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे तीन शब्द ऐकायला लागतील अशी भीती असते, आणि ती खोटी नसते. कायम कामगाराला वाटतं की जोडीदाराचं नाव घेतलं तर तो अडचणीत येईल. सुपरवायझरला वाटतं की आपल्या लाईनवर नोंदी जास्त झाल्या तर वरून विचारणा होईल. गेटवर ‘अपघातविरहित दिवस’ असा फलक असतो. त्यावरचा आकडा जसजसा वाढतो, तसतसं तो आकडा शून्यावर आणणारा माणूस होणं अवघड होत जातं. फलक लावणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ज्या दिवशी एखादा जण बोट चेपलेलं असताना रुमाल गुंडाळून शिफ्ट पुरी करतो, त्या दिवशी त्या फलकाने नुकसान केलेलं असतं. ‘महिन्याला इतके नियर मिस आणलेच पाहिजेत’ अशी सक्ती केली तरी तोच घोळ दुसऱ्या बाजूने होतो. मग महिनाअखेरीला ‘जमिनीवर पाणी सांडलेलं दिसलं’ अशी कार्डं भरून दिली जातात आणि प्रेसवरची खरी गोष्ट प्रेसवरच राहते.

ती खरी गोष्ट जरा जवळून पाहू. समजा, पॉवर प्रेस आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं एकाच वेळी दाबली तरच साचा खाली येतो, अशी तिची रचना असते. दोन्ही हात बटणांवर असले की एकही हात साच्याखाली असू शकत नाही. टार्गेट वाढलं की कुणीतरी एक बटण पट्टी लावून दाबून ठेवतं. आता एक हात मोकळा झाला आणि काम भराभर उरकतं. आठवडा बरा जातो. मग एक दिवस पत्रा वाकडा बसतो, मोकळा हात तो सरळ करायला आत जातो आणि साचा खाली येतो. बोट अर्ध्या इंचाने वाचतं. हातमोज्याचं टोक मात्र चिरडलेलं असतं. तो मोजा डस्टबिनमध्ये जातो, नवा घेतला जातो, आणि त्याच बटणावर पट्टी तशीच राहते.

या घटनेची नोंद झाली तर काय लिहायचं? बहुतेक ठिकाणी लिहिलं जातं : ‘कामगाराचं दुर्लक्ष. समज दिली. सर्वांनी काळजी घ्यावी.’ या तीन वाक्यांत एकही उपाय नाही. काळजी घ्यावी असं सांगितल्याने पट्टी निघत नाही, टार्गेट बदलत नाही आणि पत्रा वाकडा का बसतो हे कळत नाही. पुस्तिकेत नोंदीचा जो नमुना दिला आहे, त्यात ‘कुणामुळे’ हा रकाना नाही. आहेत ते हे प्रश्न : कुठे आणि केव्हा? काय निसटलं, पडलं, सुटलं किंवा चालू झालं? वाईटात वाईट काय होऊ शकलं असतं? आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न, ते कशामुळे टळलं?

शेवटच्या प्रश्नावर थांबावं, अशी माझी विनंती आहे. टळण्याची कारणं दोनच प्रकारची असतात. एक, संरक्षणासाठी केलेली सोय कामाला आली : गार्ड होता, सेफ्टी बेल्ट लावलेला होता, वाल्व वेळेवर उघडला. दुसरं, नशीब आड आलं : माणूस पाणी प्यायला गेला होता, प्लेट डावीकडे पडली, वारा उलट दिशेला होता. पहिल्या प्रकारच्या घटनेत व्यवस्था जिंकलेली असते. ती जपावी. दुसऱ्या प्रकारात व्यवस्था हरलेली असते आणि केवळ योगायोगाने माणूस घरी गेलेला असतो. अशा नोंदीवर त्याच शिफ्टमध्ये हालचाल व्हायला हवी, कारण योगायोग दुसऱ्यांदा मदतीला येईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

सगळ्या नोंदी सारख्या महत्त्वाच्या नसतात, हेही इथे सांगायला हवं. विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिक यांनी १९३१ मध्ये अमेरिकेत एक प्रमाण मांडलं : एका गंभीर इजेमागे २९ किरकोळ इजा आणि कुणालाही न लागलेल्या ३०० घटना. तो त्रिकोण आजही प्रशिक्षणाच्या भिंतीवर लटकलेला असतो. त्यातला विचार उपयोगी आहे, पण आकडे सगळीकडे तसेच लागू होत नाहीत आणि त्यावर पुढे बरीच टीकाही झाली. पाय घसरण्याच्या शंभर घटना कमी केल्या म्हणून टाकीचा स्फोट टळत नाही, कारण दोन्हींची मुळं वेगळी आहेत. तेव्हा कार्डं मोजण्यापेक्षा निवडावीत. ज्यात जीव जाऊ शकला असता अशी एक नोंद, पाणी सांडल्याच्या पन्नास नोंदींच्या आधी वाचली गेली पाहिजे.

अभय देऊन खबरा गोळा करता येतात का, याचं जगातलं सर्वांत मोठं उदाहरण विमानवाहतुकीचं आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ उतरण्याच्या बेतात असलेलं टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान डोंगरावर आदळलं आणि त्यातले ९२ जण गेले. उतरण्याची परवानगी मिळाली याचा अर्थ वैमानिकाने एक घेतला होता, नियंत्रण कक्षाच्या मनात दुसराच होता. चौकशीत कळलं की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं, युनायटेडचं विमान त्याच गैरसमजातून त्याच डोंगरावर जवळजवळ आदळणार होतं. ते वाचलं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. शेजारच्या कंपनीपर्यंत ती गोष्ट गेली नाही. यातून १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिक, नियंत्रक, तंत्रज्ञ यांनी आपल्या चुका आणि थोडक्यात हुकलेले प्रसंग शिक्षा करणाऱ्या खात्याला न पाठवता नासा या तिसऱ्या संस्थेकडे पाठवायचे. नासा नावं काढून टाकते आणि शिकण्यासारखं ते सगळ्यांना कळवते. वेळेत आणि प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला, मुद्दाम केलेला गुन्हा नसेल तर, दंडापासून सूट मिळते. आजवर तिथे वीस लाखांहून अधिक नोंदी जमल्या आहेत. इतक्या माणसांनी स्वतःच्या चुका लिहून पाठवल्या, कारण सांगितल्याने आपलं वाईट होणार नाही याची त्यांना खात्री होती.

भोर-वेल्ह्यात अशी संस्था उभारायला नासा लागत नाही. एकाच औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत सारख्याच प्रेस, सारखेच बॉयलर, सारख्याच टाक्या असतात. एकीकडे जे हुकलं ते शेजारच्या गेटपर्यंत नाव-गाव काढून पोचलं पाहिजे. ७ जून २०२१ रोजी शेजारच्या मुळशी तालुक्यात उरवड्याच्या सॅनिटायझर कारखान्यात आग लागली आणि पंधराहून अधिक कामगार होरपळून गेले. त्यांतल्या बहुतेक बायका होत्या. त्यानंतर अनेक गावांतल्या घरांत एकच प्रश्न होता : आमची लेक जिथे जाते तिथे मागचं दार उघडतं का? हा प्रश्न आगीच्या आधी विचारता येण्याजोगा आहे. मागचं दार मालाने अडलेलं दिसलं, तर ते त्याच दिवशी नोंदवण्यासारखं आहे. ती नोंद घेणाऱ्याने शिफ्ट संपायच्या आत तो माल हलवला, तर त्या नोंदीने आपलं काम केलं.

पुस्तिकेचा निम्मा भाग कारखान्याबाहेरच्या कामांसाठी आहे, आणि ते मला विशेष मोलाचं वाटतं. या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त माणसं जिथे राबतात तिथे सेफ्टी ऑफिसर नसतो. भात खाचरात चिखलणी करणारा पॉवर टिलर बांधावरून उलटतो आणि चालक बाजूला फेकला जातो. मळणी यंत्रात पेंढी सारताना ओढणीचं टोक ओढलं जातं आणि ते फाटतं म्हणून गळा वाचतो. कडबाकुट्टीला गार्ड असतो, पण तो काढून भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. या गोष्टी त्या घराबाहेर जात नाहीत. पुढच्या हंगामात त्याच बनावटीचं यंत्र दुसऱ्या वाडीत तेच करतं. ग्रामसभेत, बचत गटात, सोसायटीच्या कट्ट्यावर दरवर्षी भात काढणीच्या आधी एवढंच विचारावं : गेल्या वर्षी कुठल्या यंत्राने कुणाला भिववलं? उत्तरं मिळतील. गार्ड पुन्हा बसवायला नट-बोल्ट लागतात, अनुदान लागत नाही.

लाईनमनचं काम तर नियर मिसवर चालतं असं म्हणावं लागेल. पोलवर चढण्याआधी तो सबस्टेशनमधून शटडाऊन घेतो, लाईन तपासतो, डिस्चार्ज रॉड लावून ती अर्थ करतो. एवढं केल्यावर लाईन मेलेली असायला हवी. पण गावात कुणीतरी वीज गेल्याबरोबर जनरेटर चालू केलेला असतो आणि घराचं मेन स्विच बंद केलेलं नसतं. मग घरातली वीज उलटी लाईनवर येते. लाईनमन त्याला रिटर्न सप्लाय म्हणतात. रॉड लावताना ठिणगी उडाली, तर ती ठिणगी म्हणजे एक जीव वाचल्याची पावती आहे. तिची नोंद झाली की ते घर शोधून काढता येतं आणि तिथे चेंजओव्हर स्विच बसवता येतो. नोंद झाली नाही तर पुढच्या पावसात दुसरा लाईनमन त्याच पोलवर चढतो, आणि घाईत रॉड लावायचा राहून गेला तर काय होईल हे सांगायला नको.

घाटाचंही तसंच. भोरहून महाडला जाणाऱ्या वरंधा घाटाची अवस्था रोज तिथून जाणाऱ्या एसटी चालकाइतकी कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. काल स्वच्छ असलेल्या वळणावर आज मुठीएवढे दगड दिसणं, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, रस्त्याच्या कडेला नवी भेग, वाकलेली झाडं ही सगळी लेखी नोंदीची सामग्री आहे. घाट उतरलं की तळिये लागतं. २२ जुलै २०२१ ला तिथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, तेव्हा गाव जागेवर नाही ही पहिली खबर एका एसटी चालकाने दिली. ज्याने ही खबर दिली त्याच्याकडूनच आधीच्या खबरा घेण्याची सोय आगारात असायला हवी. फेरी संपल्यावर चालक-वाहकांकडून दोन ओळी लिहून घेणं आणि त्या संध्याकाळच्या आत बांधकाम खात्याकडे व तहसीलदारांकडे पोचवणं यात अशक्य काही नाही.

आता ऐकणाऱ्याबद्दल. नोंद आली की चोवीस तासांच्या आत तिला उत्तर गेलं पाहिजे, मग ते ‘पैसे मंजूर व्हायला महिना लागेल, तोवर हे मशीन बंद ठेवतो’ असं का असेना. उत्तर मिळालं नाही की माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. उपाय शोधतानाही एक क्रम पाळावा. धोका मुळातच काढून टाकता येतो का, हे आधी पाहावं. नसेल तर माणसाला त्याच्यापासून अडवणारं काहीतरी बसवावं. सूचना, फलक, प्रशिक्षण हे त्यानंतर. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो, कारण फलक स्वस्त पडतो. आणि सगळ्यात अवघड काम : लाईन थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने तो वापरला, तर त्या दिवसाच्या उत्पादनाचा हिशेब त्याच्याकडे मागू नये. कंपनीने हे लेखी द्यावं. एकदा कुणी लाईन थांबवली, शंका खोटी ठरली आणि तरीही त्याला शाबासकी मिळाली, की त्या शॉपमधली माणसं आपोआप बोलू लागतात. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

ही पुस्तिका कपाटात ठेवण्यासाठी नाही. तिच्यातला कोरा नमुना फाडून घ्यावा, झेरॉक्स काढाव्यात, पोस्टर करून भिंतीला लावावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं दुसऱ्याने लिहून घ्यावं. बिहार-ओडिशाहून आलेले कामगार असतील तर त्यांच्या भाषेत विचारावं. बायका स्वतःहून कमी सांगतात, म्हणून त्यांच्यातल्याच एकीकडे नोंदी घेण्याचं काम द्यावं. पहिल्या महिन्यात नोंदी वाढल्या तर घाबरू नये. धोके वाढले असा त्याचा अर्थ नसतो. आजवर जे बोललं जात नव्हतं ते बोललं जाऊ लागलंय.

कारखान्याचे व्यवस्थापक, कंत्राटदार, सरपंच, आगारप्रमुख, शाखा अभियंता, ज्यांच्या हाताखाली माणसं राबतात त्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. उद्याच्या शिफ्टच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर सांगा, की काल जे थोडक्यात हुकलं ते सांगणाऱ्याला इथे काही होणार नाही, आणि संध्याकाळच्या आत त्याला उत्तर मिळेल. मग आलेली पहिली नोंद घेऊन स्वतः त्या जागेवर जा, आणि ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय तिथे पुन्हा कुणाला उभं करू नका.